गोडझरीची पायवाट

३ एप्रिल, गुरुवार. खारझरी

पोचले एकदाची. दर्यापूरहून काळीपिवळी जीप मिळाली. चौदा माणसं, एक नवाकोरा कूलर आणि कुणाच्या तरी मांडवाच्या झालरीचं गाठोडं. कूलर माझ्या मांडीवर अर्धा. चालवणारा कुलदीप मागं वळून वळून माझी चौकशी करत होता, मला रस्त्याची काळजी. त्याला सांगितलं की आमची पुण्याची संस्था गावांच्या छोट्या पुस्तिका काढते. गल्ली न् गल्ली पायी फिरायची, कुणी कुठे काय बांधलं, कोण कुठून आलं ते म्हाताऱ्यांकडून ऐकायचं, नकाशा काढायचा. त्यानं विचार केला आणि म्हणाला की पायीच फिरायचं होतं तर हिवाळ्यात यायचं होतं. सगळी गाडी हसली. मीसुद्धा.

उतरायची सोय दुर्गाबाईंकडे आहे. साठीच्या आहेत, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, आठ एकर कोरडवाहू. मुलगा अकोल्याला नोकरीला. घरात सून आरती आणि तिची तीन महिन्यांची मुलगी. मला पुढची खोली दिलीय. आल्या आल्या पाण्याचा पेला हातात दिला आणि मी शेवटचा घोट घेईपर्यंत समोर उभ्या राहिल्या. इथलं जमिनीतलं पाणी खारं. बोअरचं चाखून पाहिलं आणि थुंकले. नळ दिवसाआड येतो, त्यामुळे माठाला घरात देवाइतका मान.

रात्री भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी. महिनाभर मजा आहे माझी.

५ एप्रिल, शनिवार

आज गाव दाखवायला स्वतः उत्तमराव आले. माजी सरपंच, सत्तरीचे, पांढरंशुभ्र धोतर, गावातली सगळ्यात जास्त जमीन यांची. बोलतात कमी पण मनापासून. गढीची पडकी माती, मारुतीचं देऊळ, आणि मिठाच्या विहिरी. पूर्वी इथे खाऱ्या पाण्यातून मीठ काढत. आता विहिरी बुजल्यात, नुसते गोल खळगे राहिलेत. मी वाकून प्रत्येकाचा घेर मोजत होते तेव्हा उत्तमराव माझ्यावर छत्री धरून उभे होते.

देवळाजवळच्या निंबाखाली नत्थुजी भेटले. पंच्याऐंशीच्या पुढचे. कुठलं घर कुठल्या साली पडलं ते तोंडपाठ. त्यांच्या पायाशी दोन तास बसून वहीची वीस पानं भरली. घरी परतेपर्यंत चार ठिकाणी चहा झाला, नाही म्हणायची सोयच नाही.

७ एप्रिल, सोमवार

माझ्याजवळ जुन्या मोजणीच्या नकाशाची प्रत आहे. आज ती गावावर बसवून पाहिली. दक्षिणेला नाल्यापलीकडे बारीक अक्षरात लिहिलंय, ‘गोडझरी, रिठ’. रिठ म्हणजे वस्ती उठून गेलेलं गाव. महसुली कागदात अशा गावापुढे ‘बेचिराख’ असा शेरा असतो.

चार दिवसांत एकानंही या नावाचा उच्चार केलेला नाही.

नत्थुजींना विचारलं. ते काठी घेऊन उठले आणि चालू लागले. वाटलं, ऐकू गेलं नसेल. उत्तमरावांना विचारलं तर म्हणाले की तिथे काही नाही, नुसतं वावर आहे, त्यांचंच आहे. जायला रस्ताही नाही.

ते मात्र खरं. संध्याकाळी मुद्दाम गावाला बाहेरून वळसा घातला. उत्तरेला पांदण आहे, पूर्वेला डांबरी, पश्चिमेला दोन बैलगाडीच्या वाटा. दक्षिणेला एकही नाही. त्या बाजूच्या घरांना खिडकीसुद्धा नाही. सगळ्या भिंती कोऱ्या, खालपासून वरपर्यंत.

८ एप्रिल, मंगळवार

गेले. सकाळी सातला निघाले. नांगरलेलं वावर, घोट्याएवढी ढेकळं, मध्ये पायाचा पंजा जाईल अशा भेगा. नाला कोरडा. पोचायला चाळीस मिनिटं लागली.

उंचवटा आहे, वर बाभळी. खापरं कुठेही उकरा, सापडतात. घरांची जोती अजून स्पष्ट दिसतात, मी अकरा मोजली. मधोमध विहीर, दगडधोंड्यांनी तोंडापर्यंत बुजवलेली. तिचे दगड हाताला गार लागले, नऊ वाजता, एप्रिलमध्ये.

उंबऱ्यांच्या दगडांजवळ मातीत लोखंड सापडलं. तीन ठिकाणी, दाराच्या कड्या. दारं केव्हाच कुजून गेली, कड्या गंजून राहिल्या. तिन्ही ठिकाणी कडी कोयंड्यात अडकवलेली आणि वर खिळा ठोकलेला. घर सोडून जाताना माणूस कडी लावतो, पण खिळा कशाला ठोकेल? फोटो काढले, कड्या तिथेच ठेवल्या.

परत आले तर दुर्गाबाई माझ्या चपलांकडे बघत राहिल्या. काळी माती होती त्यांना.  पाणी दिलं, पण या वेळी पेला उंबऱ्यावर ठेवला.

१२ एप्रिल, शनिवार

रोज जातेय. जोत्यांचा नकाशा पूर्ण झाला. एक गंमत म्हणजे माझ्या येण्याजाण्यानं वाट पडलीय. परवापर्यंत ढेकळांतून धडपडत होते, आज सरळ पाय पडत गेले. पंचवीस मिनिटांत पोचले.

पण परतताना खाली पाहिलं आणि थांबले. वाट एका माणसाच्या चालण्यानं पडेल तेवढी नाही. दोघं शेजारी चालतील एवढी रुंद आहे. आणि पावलं आहेत त्यात, अनवाणी. मोठी, लहान, एक तर पाच वर्षांच्या मुलाचं असेल. सगळी खारझरीकडे जाणारी. जाणाऱ्यांचीच. उलट एकही नाही.

मजूर असतील, असं लिहून ठेवते.

घरी माठ रिकामा होता. दुर्गाबाईंनी सकाळीच भरला होता. आरती म्हणाली की तडा गेला असेल. मी तळाखाली हात घालून पाहिलं. खाली ओल नाही.

१३ एप्रिल, रविवार

पारावर बोलावलं. उत्तमराव आणि सहा-सात माणसं. बसायला कुणी सांगितलं नाही. उत्तमरावांनी विचारलं की मी किती वेळा गेले. सहा, म्हटलं. आज सकाळी धरून. एक जण खाली थुंकला. उत्तमराव म्हणाले, “मॅडम, थे वाट मोडाले आमच्या चार पिढ्या गेल्या. सालोसाल नांगर घातला. तुमी सहा दिसात पाडून ठेवली. आता जाऊ नोका.”

मला राग आला. जमीन यांची, रिठही यांच्याच वावरात, आणि दारांना बाहेरून खिळे. काहीतरी दडपलंय हे कुणालाही कळेल. मी म्हटलं की गावाचा इतिहास लिहायला आलेय, अर्धा लिहून जाणार नाही. आणि तिथूनच, त्यांच्या डोळ्यांदेखत, पुन्हा नाल्याकडे चालत गेले. काम काहीच नव्हतं तिकडे. नुसती जाऊन आले.

हे मी का केलं?

परतले तेव्हा पारावर कुणी नव्हतं. गल्लीतली दारं मी जवळ आले की लागत होती, एकामागून एक.

१५ एप्रिल, मंगळवार

गावातलं पाणी जातंय. रोज भर दुपारी. बारा ते दोनच्या दरम्यान माठ, घागरी, टाक्या, गुरांची टाकी, सगळं कोरडं. खाऱ्या पाण्याला काही होत नाही, फक्त गोडं जातं. काल टँकर आला, तो नळीला हात लावायच्या आत रिकामा निघाला. चालवणाऱ्याचा आपल्याच डोळ्यांवर विश्वास बसेना.

आरतीचं दूध आटलं. बाळ रडतंय, पण डोळ्यांतून पाणी येत नाही.

आज मी दुपारी मुद्दाम स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिले. साडेबाराला मोरीत एक बाई दिसली. उकिडवी बसलेली, पाठ माझ्याकडे. लुगडं मातीच्या रंगाचं. तिनं मोरीच्या दगडाला जीभ लावली होती. नुसती लावून बसली होती. मग हळू मान वळवली. तोंडाभोवती पांढरं, मिठासारखं, भेगांमधून साचलेलं. माझ्याकडे पाहून तिनं मान हलवली. ओळखीच्या माणसाला हलवतात तशी.

मी ओरडले नाही. ओरडायला तोंडात थुंकीच नव्हती.

१६ एप्रिल, बुधवार

नत्थुजींनी सांगितलं. आपणहोऊन आले, दुर्गाबाईंच्या ओसरीवर बसले, माझ्याकडे न बघता बोलले. जसं ऐकलं तसं लिहिते.

सव्वाशे वर्षांपूर्वीचा मोठा दुष्काळ. या सगळ्या खारपाण पट्ट्यात गोडं पाणी होतं फक्त गोडझरीच्या विहिरीला. तिथे अकरा घरं, भाजीपाला पिकवणारी. त्यांनी खारझरीला पाणी दिलं, पाळीनं, वर्षभर. मग विहिरीचा तळ दिसू लागला. दोन्ही गावांना पुरणार नव्हतं. चैत्रातल्या एका दुपारी ती माणसं घरात आडवी झाली असताना खारझरीचे लोक गेले आणि अकरा दारांना बाहेरून कड्या घातल्या. भोवती बाभळीचे काटे रचले. पाच दिवस पहारा दिला. पहिले तीन दिवस आतून हाका येत होत्या, नावं घेऊन. सगळे एकमेकांना ओळखत होते ना. तहसिलीत सांगितलं की पटकी झाली.

पाणी पावसापर्यंत पुरलं. त्यावर हे गाव जगलं. पाऊस पडल्यावर विहीर बुजवली आणि वाट नांगरून टाकली.

पुढाकार उत्तमरावांच्या पणजोबांचा. पहाऱ्यावर नत्थुजींचे आजोबा. दुर्गाबाईंच्या सासरचेही होते. पहाऱ्यावर गेलं नाही असं एकही घर नाही.

मी विचारलं की आता त्यांना हवंय काय. नत्थुजी म्हणाले, “पाणीच मांगून राह्यले, पोरी. पन खारझरीच्या हातचं. तठी नेऊन द्याले पाह्यजे. आन् कोन जाईन? जो जाईन त्यानं कबूल केल्यासारखं होते.”

१७ एप्रिल, गुरुवार

पळाले. लिहायला लाज वाटते, पण पळाले. सकाळी कुलदीपच्या गाडीत बसले, कुणी अडवलं नाही. मी गेले तर गोडझरीचे तेही माझ्या मागोमाग निघतील असं गावाला वाटलं असेल.

तीन किलोमीटरवर मागच्या बाईनं पोराला द्यायला बाटली काढली. रिकामी. शेजाऱ्याची रिकामी. सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या. मग गाडीतून वाफ आली. कुलदीपनं झाकण उघडलं, आत थेंब नाही. त्यानं मागं वळून रस्त्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. डांबरावर धूळ होती आणि धुळीत अनवाणी पावलं, आमच्या मागं, थेट गाडीच्या पायरीपर्यंत.

कुलदीप शिवी न देता, अगदी हळू म्हणाला, “उतरा ताई. दर्यापुरात लेकरं हायेत माही.”

उतरले. बॅग खाली फेकली गाडीतल्यांनी. संस्थेत फोन लावला. त्यांना वाटतंय मला ऊन लागलंय. दोन दिवसांत कुणाला तरी पाठवतो म्हणाले. मग बॅटरी संपली.

चालत परत आले. कुठे जाणार दुसरीकडे?

१८ एप्रिल, शुक्रवार

गुरांच्या गोठ्यात आहे. दुर्गाबाईंनी सांगितलं, घरात नको. रडत होत्या सांगताना. पाणी कुणी देत नाही. देवळाजवळ गेले तर दगड आले, एक कानाला लागला. ज्या घरांतून चहा दिला होता त्याच घरांतून आले.

उत्तमरावांच्या दाराशी गेले. म्हटलं, एक घागर न्या. तुमच्या हातानं. एवढंच मागताहेत ते. आरतीचं बाळ मरेल.

 ते म्हणाले की त्यांच्या पणजोबांनी गाव जगवलं. त्यासाठी ते कुणापुढे मान खाली घालणार नाहीत, मेलेल्यांपुढे तर नाहीच. वाट जिच्या पायानं पडली तिच्या पायानंच परत जाईल.

त्यांच्या ओठांनासुद्धा भेगा पडल्यात.

१९ एप्रिल, शनिवार

सकाळी आले. पंधरा-वीस जण, काठ्या घेऊन. बाळ आता रडतही नव्हतं. नुसतं तोंड उघडत होतं. मी म्हटलं, हात लावू नका, मी चालते.

चालले. बाभळीपर्यंत एकदाही मागं वळले नाही, पण बरोबरीनं चालणारे जाणवत होते. दोन्ही बाजूंनी. एका लहान हातानं माझी ओढणी धरली होती. आणि त्या सगळ्यांच्या मागून उत्तमरावांचा ट्रॅक्टर, नांगर लावलेला, वाट उलथत —

काटे आधीच रचून ठेवले होते. मी आत गेल्यावर तोंड बंद केलं. माणसं सावलीला बसलीत, बाहेर. पाच दिवस बसतील.

त्यांच्या आजोबा-पणजोबांसारखीच बसलीत. पाठ करून.

१९, दुपार

काटे उपसून पाहिले. हात फाटले. बाहेरच्यांनी काठीनं ढकललं आत. विहिरीचे दगड उचलायला गेले, चार उचलले, खाली दगडच. गोडझरीचे सगळे आलेत. आपापल्या जोत्यावर बसलेत. काही करत नाहीत मला. ती मोरीतली बाई सरकली आणि जागा दिली. सावलीत.

मी पुण्याला जायचंय म्हणून ओरडतेय बहुतेक. बाहेर कुणी मान वळवत नाही.

२० एप्रिल

जीभ सुजलीय. ऊन —

नावं सांगताहेत. मी लिहून घेते म्हटलं. झिंगरी. तुकाबाई. तिचा लहाना भिका, पाच वर्षांचा. काशी. काशीचा नवरा, तो हाका मारत होता नत्थुजींच्या आजोबांना, मित्र होता म्हणे. लिहिता लिहिता अक्षर —

बाहेरच्यांना ऐकू जातंय का? नावं मोठ्यानं वाचली. एक जण उठून निघून गेला.

२० किंवा २१

आता तहान नाही. बरं वाटतंय. ऊनही नाही लागत.

२१

कुणीतरी येतंय. नांगरलेल्या वावरातून. डोक्यावर घागर आहे. पडली, उठली. दुर्गाबाई. दुर्गाबाई आहेत!

उत्तमराव आडवे गेले. त्या थांबल्या नाहीत. काट्यांत हात घातला त्यांनी, सरळ, फाटली बाही, आल्या आत. सगळे उठले जोत्यांवरून. अकरा घरं. रांग लागली, मीही उभी राहिले, शेवटी.

त्या म्हणताहेत, “घ्या मायबाई. आमच्यानं चुकलं. घ्या.” रिकाम्या जागेकडे बघत घागर वाकडी केलीय, ओंजळी भरताहेत, भिका पितोय. झिंगरी पितेय. पितात आणि मग तिथे कुणी नसतं. एकेक करून —

मग मला हाका मारायला लागल्या. “साधनाबाई, आरतीले दूध आलं वं. तुमच्यासाठी पानी आनलं, कठी हा तुमी?” समोरच आहे मी. ओ दिली. हात वर केला. दोन हात अंतरावर उभ्या आहेत आणि माझ्या आरपार पलीकडे बघताहेत, मग खाली, विहिरीच्या दगडांपाशी, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. घागर हातातून —

खाली काय आहे ते मला —